डबा जुनाच हाय

भोकरदनहून राजूरला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर नवरा-बायको बसले होते. नवऱ्याच्या मांडीवर कॉम्प्युटरचा पिवळा पडलेला डबा होता.

"अहो, आपली प्रियदर्शनी दहावी होईपर्यंत घरात नवा कॉम्प्युटर आणणार न्हाई, असं तुम्ही राजूरच्या गणपतीपुढं कबूल केल्तं."

"मंग कुठं आणला? दसऱ्याला तू डब्यावर काढलेलं स्वस्तिक बघ, तसंच हाय."

"आन् आत?"

"पॉवर सप्लाय बी जुनाच."

"बाकीचं?"

"बाकीचं बदललं. गेम खेळताना अडकून राह्यलं होतं."

"मंग नवाच झाला की."

"आपल्या घराचे पत्रे बदलले, भिंती बदलल्या. घर नवं झालं का?"

"झालं की. वास्तुशांत केल्ती आपण."

"...म्हणून तर राजूरला नेऊन राह्यलो. देवाला एकदा दाखवतो, जुनाच हाय म्हणून."

"देवानं आत बघितलं तर?"

"स्क्रू घट्ट पिळलेत. तू नारळ बराबर बघून घेतला ना? मागच्या बारीला नासका निघाल्ता."

"वरून तर चांगला दिसून राह्यलाय. आतलं कोण बघतं?"