खुर्ची एकाला, सूप दुसऱ्याला

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा, एक विचारतो. खरं सांगायचं, देव ऐकतोय. तुम्हाला देवानं जे दिलं ते आवडतं, की शेजाऱ्याला दिलं ते?

गप्प बसलात! मला उत्तर मिळालं.

लाजू नका, मीही त्यातलाच. पलीकडच्या गावात आज दुसरे महाराज कीर्तनाला उभे आहेत. त्यांच्या मंडपाला कूलर आहे म्हणतात. मला कूलरचं काही नाही. मी विरक्त माणूस! फक्त सकाळपासून अकरा वेळा चौकशी केली, की तो चालतो का. चालतो म्हणाले. फार वाईट वाटलं.

आणि ते खांबाला टेकून बसलेले पांढऱ्या टोपीचे काका — बसा बसा, उठू नका. तुमच्याकडे शेवटी येतो.

तर ऐका! एक होता गेनबा. जातीचा भोरपी, म्हणजे बहुरूपी. सोंगं काढायची, दारोदार जायचं, माणसं हसवायची, सुपातून जोंधळे येतील ते झोळीत घ्यायचे. आज्जा भिकोबा हेच करायचा. आज्जाचा एक नेम होता. गावात किती का दिवस सोंगं काढा, शेवटच्या दिवशी रंग धुवायचा आणि आपल्या स्वतःच्या तोंडानं दारात उभं राहायचं. "सोंगाला हसले, आता माणसाला बघू द्या," म्हणायचा.

गेनबाचं सगळ्यांत गाजलेलं सोंग पोलिसाचं. खाकी घालून दारात उभा राहायचा — "वारंट आहे! तुमच्या कोंबड्यानं वेळेआधी आरवून सूर्याच्या कामात अडथळा आणला! मांजराला लायसन नाही! चला, उंदराच्या कचेरीत!" पोरंटोरं लोळायची.

मग दुःख कशाचं? दुःखाचं नाव तुळशीराम! सख्खा चुलतभाऊ. तोही भिकोबाचाच नातू. पण शिकला, भरतीला गेला आणि खरा हवालदार झाला! आता बघा, मंडळी. खाकी तीच. टोपी तीच. गेनबाच्या तर सदऱ्याला इस्त्रीही जास्त कडक! पण तुळशीराम दारात आला की माणसं खुर्ची आणतात, आणि गेनबा आला की सूप.

बारा वर्षं गेनबाच्या पोटात ती खुर्ची रुतून बसली. चार पाय असतात हो तिला, चारही टोचतात!

बायको समजवायची, "अवं, आपल्या घरी हाय की खुर्ची. बसा."

"ही आपण आणली. मला लोकांनी आणलेली पायजे."



शेवटी एक दिवस तो उठला आणि जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं, त्या कुरणवाडीला गेला. खाकी घातलेली. तोंडातून चकार शब्द नाही. पाराजवळ नुसता उभा राहिला. मंडळी, खुर्ची आली! मागून चहा आला, बशीसकट! गेनबा बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, एवढा करारी साहेब, रडेल कशाला? चुलीचा धूर लागला असेल.

आता योग बघा. त्याच गावच्या आप्पा आणि बाजी घोलप या दोन भावांचं बांधावरून भांडण. त्याची तक्रार गेलेली ठाण्यात. चौकशीला कोण यावं? तुळशीराम! फटफटी वाटेत पंक्चर. चालत आला, धुळीनं माखलेला, टोपी हातात, सदऱ्याचं एक बटण गायब. गावानं त्याच्याकडे पाहिलं, खुर्चीतल्या गेनबाकडे पाहिलं. आता एवढ्याशा गावात एका दिवशी दोन पोलीस कशाला येतील? एक खरा, तर दुसरा कोण?

"आगं बया! भोरपी आला, भोरपी!"

पोरांनी कडं केलं. एक बाई सुपात जोंधळे घेऊन आली. "म्हण बाबा, म्हण. वारंट म्हण."

तुळशीराम म्हणाला, "बाई, मी खरा पोलीस आहे."

सगळं गाव खो खो हसलं! असं सोंग कधी बघितलं नव्हतं! "लई बेमालूम काढलंय!"

त्यानं ओळखपत्र काढलं. लोक आणखी हसले. फोटोतही हुबेहूब पोलीस!

आणि एवढ्यात पलीकडून आरडाओरडा. आप्पा पुढं, हातात कुऱ्हाड. बाजी मागं, हातात धोंडा. दोघं धावत थेट खुर्चीपाशी! आप्पा ओरडला, "साहेब, ह्याला आत टाका, न्हाईतर मी ह्याला उभा चिरतो!"

हं! मिळाली का खुर्ची, गेनबा? आता उठ की!

गेनबा उठला. कायदा ठाऊक नाही, कलम ठाऊक नाही. कुऱ्हाड वर गेली. आणि बारा वर्षं ज्याची लाज वाटत होती, तेच तोंडातून बाहेर पडलं —

"थांबा! वारंट आहे! बांधावरच्या बाभळीनं तक्रार दिलीय! म्हणते, हे दोघं भाऊ येता-जाता मला मोजतात, माझी झोप होत नाही! साक्षीदार गोगलगाय — तारखेला निघालीय, दिवाळीपर्यंत पोचेल! आणि ही कुऱ्हाड... हिचं वय काय? सज्ञान आहे का? आईबापांना विचारून आलीय का?"

बाजीला आधी हसू फुटलं. धोंडा त्याच्याच पायावर पडला. तो पाय धरून नाचायला लागला, ते बघून आप्पाला हसू आवरेना. हसत्या माणसाला कुऱ्हाड पेलत नाही, मंडळी! खाली आली. तुळशीरामानं मागून शांतपणे काढून घेतली. मग दोघा भावांना पारावर बसवलं, जबाब लिहिले, मोजणीच्या अर्जाला कागद कोणते लागतात ते सांगितलं. हसून कुऱ्हाड खाली येते, पण बांध जागेवरच राहतो ना? त्याला तुळशीरामच लागतो.

गावाला मात्र अजून कळेना, खरा कोण!

दोघे आडावर गेले. गेनबा म्हणाला, "तुळश्या, मला आत टाक. तुझं सोंग घेऊन खुर्ची लाटली मी."

तुळशीरामानं हातातली टोपी पुढं केली. तिच्यात जोंधळे होते. सुपातले! घेतले होते त्यानं!

"गेन्या, बारा वर्षं नोकरी झाली. मी दार वाजवलं की पोरं कॉटखाली जातात. आज पहिल्यांदा कुणी हसत दार उघडलं. तुझा इतका राग यायचा रे! गावोगाव लोक तुझी वाट बघायचे. मला वारंटं पाठ होती, आज्जानं दोघांना शिकवलेली. मघाशी म्हणायला गेलो... एक ओळ आठवली नाही."

"खुर्ची तर तुझ्याकडे होती!"

"सूप तुझ्याकडे होतं!"

मग दोघांनी आडाच्या पाण्यानं तोंडं धुतली, खाकी काढून खांद्यावर टाकली आणि नुसत्या बंडीत पहिल्या दारात जाऊन उभे राहिले. आज्जाचा नेम!

दारात ठकूबाई, ऐंशीच्या पुढची. डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

"ह्यातला पोलीस कोण रं?"

ती एक पाऊल पुढं आली.

"जाऊ दे. नाक भिकोबाचं हाय दोघांचं. सोंग धुऊन ह्या दारात तोच उभा राहायचा. या, बसा."

तिच्याकडे खुर्ची नव्हती. तिनं घोंगडी टाकली. एकच! दोघे भाऊ तिच्यावर मांडीला मांडी लावून बसले, आणि मधे तिनं सूप ठेवलं.

मंडळी, संपलं आख्यान. आता पांढऱ्या टोपीचे काका! तुमचं लक्ष मघापासून शेजारच्यांच्या नव्या कोऱ्या शर्टावर आहे. मी इथून बघतोय. पण त्या शर्टवाल्याला विचारा, तो मघापासून कुठं बघतोय?

तुमच्या खांबाकडे! पाठ दुखतेय त्याची!

सरका थोडे, काका. दोघं टेकतील एवढा तो जाड आहे. आणि मंडळी, पलीकडच्या महाराजांना कुणी भेटलं तर हळूच विचारा, कूलरच्या घरघरीत त्यांना तुमचं हसू ऐकू येतं का? मला आत्ता आलं.

घ्या टाळ. आता आपापल्या तोंडानं त्याचं नाव घ्या — विठ्ठल, विठ्ठल!