बादलीची मुदतवाढ

नाही नाही, हरवलं नाहीये ताई, हरवलं कुठे म्हटलं मी — बाहेर गेलंय म्हटलं. हरवणं वेगळं, बाहेर जाणं वेगळं. एकतीस वर्षं या वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी बसतोय, आजवर माझ्या हातून एक पुस्तक हरवलेलं नाही, आणि तुमचं तर एवढं मोठं चित्र, ते कुठे हरवणार? बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय ढिला आहे — ही घ्या. तर प्रदर्शनाला बत्तीस चित्रं आली, बत्तीसच्या बत्तीस नोंदवहीत आहेत, हे बघा. एकोणतीस नंबर, ‘नळ आणि बादली’. तुम्हीच काढलंत ना? मग झालं.

भिंती रिकाम्या का — अहो, तेच सांगतोय. ग्रंथपाल मॅडम लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या, आणि जाता जाता दारातून मला म्हणाल्या, चित्रं येतील, सगळं नेहमीसारखं करा. आता नेहमीसारखं म्हणजे काय? आत आलेल्या प्रत्येक वस्तूला दाखल नंबर द्यायचा, शिक्का मारायचा, मागे पाकीट चिकटवायचं, पाकिटात कार्ड. केलं. शिक्का आमच्याकडे सतराव्या पानावर मारतात, चोरीला गेलं तर ओळखता यावं म्हणून. चित्राला पान एकच. मग मी पट्टी घेतली, डावीकडून सतरा इंच मोजले आणि मारला. — असं काय बघता, तुमच्या चित्रात तो बादलीच्या कडीच्या जरा वर आलाय, शोभतो. लहान चित्रांचीच पंचाईत झाली. एक चौदा इंचांचंच होतं, उरलेले तीन इंच भिंतीवर मोजावे लागले. हो, त्याचा शिक्का भिंतीवर आहे. तो काय, खिडकीशेजारी.

आणि एकदा कार्ड लागलं की वस्तू सभासदाला घरी नेता येते, पंधरा दिवस. हा नियम काही मी केलेला नाही. निवृत्त पोस्टमास्तरांनी पहिल्यांदा विचारलं, हे नेता येतं का — मी मागे पाकीट बघितलं, पाकिटात कार्ड होतं, दिलं. चार दिवसांत भिंत साफ. न्हाव्याने घोडे नेले. शिंपीणबाईंच्या सासूबाई दोन घेऊन गेल्या, त्यातलं एक दुसऱ्याच दिवशी परत आणलं, शेवट आवडला नाही म्हणाल्या. कसला शेवट? डोंगर होता नुसता. मी विचारलं नाही, आम्ही वाचकाला विचारत नाही. आणि प्रत्येक खिळ्याला मी चिठ्ठी लावली, कुठलं चित्र, कधी परत येणार. आता लोक चिठ्ठ्या बघत फिरतात, हात मागे बांधून, एकेकीपुढे पाच पाच मिनिटं. परवा एका मास्तरांनी तर ‘समुद्र, मुदत संपली’ या चिठ्ठीपुढे मान हलवली.

तुमचं कुणाकडे? सभासद चारशे अकरा. नाव सांगता येत नाही, ते गुप्त असतं. परत कधी — तसं यायला हवं होतं. चौथी मुदतवाढ चालू आहे. हो, नियमाने दोनच देतो आपण. पण माणूस अडचणीत आहे ताई. त्याच्या बायकोची थोरली बहीण यांच्याकडेच राहायची, ती गेली. त्या दोघी दिवसभर बोलायच्या, स्वयंपाकघरात बोलायच्या, झोपेत बोलायच्या, तो बिचारा कंटाळून इथे लवकर यायचा. आणि ती गेल्यावर ही गप्प झाली. रडली नाही, काही नाही. वाढलं की जेवायची, ऊठ म्हटलं की उठायची. पण तोंडातून ब्र नाही. आठ महिने. घरात माणूस आहे आणि घड्याळाची टिकटिक ऐकू येते — तुम्हाला नाही कळायचं.

बादलीच का नेली? तेवढीच उरली होती. रागावू नका, घोडे असताना बादली कोण नेतं. नेली आणि तिच्या पलंगासमोर लावली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करतोय, आणि आतून आवाज — अहो, बादली भरत आली, नळ बंद करा.

मी म्हणालो का? बरं. मी तर मी. चारशे अकरा मीच.

तोंडाला साबण तसाच, धावत गेलो. बंद करतो म्हटलं, आणि उभाच राहिलो चित्रापुढे. काय करणार? नळ छान काढलाय तुम्ही, हात लावला तर गार लागतो. दुसऱ्या दिवशी म्हणाली, अजून वाहतोय, तुमच्या एक गोष्ट लक्षात राहील तर शपथ. मग माझ्या विसरभोळेपणावर घसरली, तिथून माझ्या आईवर, माझ्या दोन्ही काकांवर — अर्धा तास. मी स्टूल ओढून ऐकत बसलो. एकतीस वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा उशिरा आलो कामाला.

बुधवारी निवड आहे? मोठ्या प्रदर्शनाची? तीन वर्षं वाट बघताय — कळतंय हो मला, कळत नाही असं नाही. मग नंबर लावा. तुमच्या आधी दोघं आहेत. पहिला चारशे अकरा. दुसराही चारशे अकराच, चुकून एक निसटायला नको म्हणून.

काल तर म्हणाली, तुमच्याच्याने होत नसेल तर ज्यांनी नळ बसवला त्यांना बोलवा. आणि आज तुम्हीच दारात उभ्या राहिलात. — काय? येता? ब्रशने धार तेवढी पुसून टाकता, दोन मिनिटांचं काम? आणि मग चित्र घेऊन जाता?

नको ताई. धारेला हात लावू नका. नळ बंद झाला तर उद्या सकाळी ती मला काय सांगेल?

हे घ्या कार्ड, इथे सही करा. पंधरा दिवसांनी या, मग बघू. आता टेबल सोडा, मागे लोक खोळंबलेत. — नाहीत? येतील. आणि ती पाटी वाचा, शांतता राखा लिहिलंय. तुम्ही बोलतच नव्हता? हो, मीच बोलत होतो.

आता नाही बोलत.