हात उचलला की दिवा जायचा

आम्ही मूळचे खटावकडचे, बाप बैलांना पत्र्या मारायचा, म्हणून फौजेत मलाबी नालबंदाचंच काम लागलं, घोड्यांना नाल ठोकायचं, आणि नव्वदच्या पुढं बदली होऊन लखनौ छावणीत आलो, बायको न् लेक संगं. काय सांगू तुम्हाला, एकदा खूर तासताना खुराची कपची उडाली ती उजव्या डोळ्यात, डोळा राहिला पण सगळं धुरकट, आणि हातोडी खिळा सोडून अंगठ्यावर पडाय लागली.

मला इस्पितळात धाडलं. तिथं एक डॉक्टर मॅडम, लखनौच्याच, गोड बोलायच्या, आणि गोड बोलणाऱ्याची मला भीतीच. हातात सळई दिली, समोरच्या पाटीवरची खूण दाखवली न् म्हणाल्या, भैया, इस निशान पे सलाई मारो, पहले तेज, फिर धीरे. मी मारली. तर हात उचलला की खोलीतला दिवाच गेला! पुन्हा उचलला, पुन्हा गेला. मनात म्हटलं, हे मला नापास करून घरी धाडायचं चाललंय, फौजेत आंधळा कुणाला पायजे. मी सरळ विचारलं, मॅडम, बत्ती कौन बुझा रहा है? त्या म्हणाल्या, मशीन है, सबके लिए बुझती है. म्हटलं, तो आप बैठिए. आणि खरंच बसल्या की हो! त्यांचाबी हळू हात अंधारात भरकटला, जोरातला मात्र दिवा असो नसो तसाच पडला. म्हणाल्या, हाथ तेज जाए तो आँख को सुधारने का वक्त ही नहीं मिलता, धीरे जाए तो आँख रास्ते में सँभाल लेती है. म्हणजे झटक्याचा घाव आधीच नीट बघून मारायचा, आणि माझी तर आधीची नजरच धुरकट. पटलं, पण शंका गेली नाही. विचारलं, माझ्या कागदावर काय लिहिणार? म्हणाल्या, जो देखा वही.

मग फौजेचा मेडिकल बोर्ड बसला. मला वाटलं संपलं. पण नोकरी राहिली, हातोडी तेवढी गेली, आजारी घोड्यांच्या तबेल्यात घातलं, तिथं सगळं हळूच करायचं असतं. बायको म्हणाली, त्या बाईनंच वाचवलं. मी म्हटलं, कशावरनं? तिच्याच कागदानं हातोडी गेली असंल.

आता लखनौतच तेलीबागेत घर आहे, लेक म्हणते, पापा, आप हर किसी पे शक करते हो. करतो बाबा. पण पेन्शन खातोय, खोटं कशाला बोलू. ज्यानं कुणी माझं भलं केलं, त्याचं देव भलं करो, नाव मला ठाऊक नसलं तरी देवाला असंल.