देवीचे डोळे राहिले

हॅलो? … हॅलो? … कोण बोलतंय? … मोठ्याने बोल, काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये. … हां, तू होय. थांब, स्वयंपाकघरात येते, पुढच्या खोलीत उभं राहवत नाही. … हो, लावलं दार. बोल आता.

… उत्सव कसा चाललाय म्हणून काय विचारतेस? चाललाय आमच्या छाताडावर. तीन दिवस झाले, सकाळी सातपासून 'हॅलो, माइक चेक, हॅलो'. त्या माइकचं एवढं काय तपासतात कळत नाही. अख्ख्या गल्लीचे कान तपासून झाले.

… नाही. … नाही म्हटलं ना. व्हिडिओ-बिडिओ काही लावणार नाही मी. … तुला तिकडे बसून आठवणी येतात, येऊ देत. तू पाच मिनिटं ढोल ऐकणार, डोळे पुसणार आणि खिडकी लावून झोपणार. आमची खिडकी लागतच नाही. मंडपाचा बांबू आत आलाय. … अगं खरंच, बाथरूमच्या खिडकीतून, हातभर. त्यावर मी टॉवेल वाळत घालते.

आणि ही ओट्यासमोरची खिडकी, हिच्यावर बॅनर आहे. … कुणाचा म्हणजे? अध्यक्षांचा. … अगं, आपला भोंगा. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझी गणितं उतरवायचा, तोच आता अध्यक्ष झालाय. हात जोडून उभा आहे, दोन मजले उंच. मला आतून उलटा दिसतो. सकाळी भाजी चिरायला घेतली की समोर ताटाएवढं नाक.

मग काल मी कात्री घेतली आणि पाडलं भोक. … कुठे म्हणजे, डोळ्यात. डाव्या. … हसतेस काय? घरात उजेड यायला नको? आता तिथून रस्ता छान दिसतो. भोंग्याच्या डोळ्यातून कुणीतरी पहिल्यांदाच गल्लीकडे नीट बघतंय.

… नाही गेले लॅबला. कशी जाणार? रस्ता दोन्हीकडून बंद. अकरा जणांच्या कवळ्या टेबलावर तशाच पडल्यात. एक बाई तीन दिवस बिनदाताच्या बसल्यात माझ्या नावाने खडे फोडत.

… बाबा? … आहेत. खोलीत. … नाही, तसेच. बोलत नाहीत. दोन घास खातात आणि ताट सरकवतात. … अगं, त्यांना तो सत्कार लागलाय. … सांगितला होता ना मी? … मग मी सांगितलं काय तुला? ऐक आता नीट.

अडतीस वर्षं गल्लीतल्या देवीचे डोळे बाबांनी काढले. मूर्ती कारखान्यातून कोऱ्या डोळ्यांची यायची, बाबा स्टुलावर चढून आखणी करायचे आणि मगच पूजा. … हो, हो, तू रंगाची वाटी धरायचीस, माहितीये. दर वर्षी ऐकवतेस. तर गेल्या वर्षी त्यांचा हात हलला. डावा डोळा जरासा मोठा झाला. जरासा, अगं, मला तर दाखवल्यावर दिसला. पण कुणीतरी फोटो काढला आणि खाली लिहिलं, देवी डोळा मारते. झालं. दोन दिवस गल्लीभर खिदळत होते. … बघितला की त्यांनी. … दाखवला कुणी म्हणजे? भोंग्याने. 'बघा ना काका, लोक किती वात्रट आहेत' म्हणून.

… तेच सांगतेय. मग यंदा महिनाभर आधी आले पाच-सहा जण शाल घेऊन. काकांनी खूप केलं, काकांनी आता आराम करावा. डोळे कारखान्यातच काढून घेऊ म्हणाले. आणि वर भोंगा म्हणतो, 'काका, मूर्तिकाराला तेवढं तुम्हीच कळवा, तुमचं त्याचं जुनं आहे.' … बघ की. माणसाला काढून टाकायचं आणि तो निरोपही त्याच्याच हातून पाठवायचा. वर टाळ्या. शाल अजून प्लॅस्टिकमध्ये आहे, त्यांच्या खुर्चीवर.

… अगं, मी काय बोलणार होते त्यांना? मी चहा देत होते. … दिला की साखरेशिवाय. तेवढंच सुचलं.

थांब. … थांब जरा. … नाही, लाइन आहे, ढोल बंद पडले. सगळं एकदम बंद झालं. … कुणास ठाऊक. बघते.

… हां, दिसतंय. मंडपात सगळे माना वर करून उभे आहेत. देवीच्या तोंडावरचं फडकं आत्ता काढलंय वाटतं. … भोंगा डोक्याला हात लावून … अगं बाई. … अगं, डोळे नाहीत. … देवीला. डोळे काढलेलेच नाहीत. पांढरे सपाट आहेत. … नाही गं, मला चष्मा आहे तो जवळचा, दूरचं स्पष्टच दिसतं. कोरे आहेत म्हणते ना.

… हो, कारखान्यातून तशीच आलीय. आणि चार वाजता उद्घाटनाचे पाहुणे येणार. तीन दिवस त्या माइकवरून तेच तर ओरडतायत. आता किती वाजले? … तुझ्याकडचे नको सांगूस. इथे तीन वाजून दहा. … मी? मला काय व्हायचंय. मी खुर्ची ओढून घेतलीय. तीन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटतंय.

… भोंगा फोनवर आहे. हातवारे करतोय. … आता वर बघतोय. … आपल्याच घराकडे बघतोय गं. … येतोय. येऊ दे, येऊ दे. … फोन ठेवू नकोस, तूही ऐक. दार वाजलं बघ.

… काय रे? … हो का? … अरेरे. … मग लावा ना त्याला फोन. … लावला? मग? … अस्सं. … नाही रे, काका झोपलेत. आराम करतायत, तुम्हीच सांगितलं होतं ना? … ते मला नको सांगूस. … नीघ आता.

ऐकलंस? … सांगते, सांगते. मूर्तिकार म्हणतो, मला कुणी काही कळवलंच नाही. दर वर्षी कोरी मूर्ती देतो तशी दिली. आणि आता यायचं म्हटलं तर कारखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि मधले सगळे रस्ते बंद. … का म्हणजे? मिरवणुकांनी. यांच्याच. … हो ना. स्वतःच्याच मंडपात अडकलेत मेले. आता भोंगा म्हणतो, सजावटवाला छापील डोळे आणून चिकटवेल. … स्टिकर, अगं. फ्रीजला लावतात तसा. तरी मनाला पटेना म्हणून वर आला. 'एकदा काकांना विचार' म्हणे. मी हाकलला.

… म्हणजे काय, चुकलं माझं? … ऐक ना, त्यांना कळवलंच नाही मी, झोपलेत ते. … मूर्तिकाराला निरोप? बाबा देणार होते. … विसरले असतील. आजकाल विसरतात. … का हसतेस तू? … काय? … कसलं पार्सल? … ते औषधाचं? गुडघ्याचं औषध म्हणून पाठवलंस ते? … काय होतं त्यात?

… ब्रश?

… कधी मागितले त्यांनी? … सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी. … म्हणजे इथे मी तीन-तीनदा ताट वाढते, माझ्याशी अक्षर बोलत नाहीत, आणि तिकडे तुला फोन करून नंबर सांगतात ब्रशचे. आणि तू गप्प. सोज्वळ. 'ताई, बाबांना औषध मिळालं का?' … शपथ घातली होती, म्हणे. तू कधीपासून शपथा पाळायला लागलीस? … म्हणजे विसरले नाहीत ते. मुद्दाम सांगितलं नाही मूर्तिकाराला. महिनाभर गप्प बसून राहिले.

… हो, अडवलं असतं. शंभरदा अडवलं असतं. … का म्हणजे? हात हलतो त्यांचा. चहा बशीत सांडतो रोज, ती बशी मी धुते, तू नाही. … अगं, गेल्या वर्षी तो फोटो बघून दहा दिवस खाली उतरले नाहीत. दूधसुद्धा मी आणायचे. हे तुला व्हिडिओत दिसत नाही. पुन्हा तेच झालं, पुन्हा कुणी हसलं, तर ते खचतील, कायमचे. भीती वाटते मला. … हो, वाटते. सगळ्या गल्लीला शिव्या घालते, पण भीती त्याचीच आहे.

… थांब, त्यांच्या खोलीत काहीतरी पडलं. बघते. … फोन आहे हातात, बोल तू. नको, बोलू नकोस.

… बाबा?

… अगं, झोपलेत कसले. दाढी केलीये. पांढरा शर्ट. कधी केलं हे सगळं? पलंगावर तुझे ब्रश मांडून बसलेत, लहान-मोठे ओळीने. … शाल? शाल प्लॅस्टिकमधून काढलीये. आणि … अगं, कापलीये. दोन चौकोन कापून घेतलेत. ब्रश पुसायला. … माझ्याच कात्रीने. सकाळपासून शोधतेय मी ती.

… विचारतायत, भोंगा येऊन गेला का. … सांगितलं, आला होता, मी घालवून दिला. … 'परत येईल' म्हणतात. घाईसुद्धा नाही आवाजात.

… आणि हे काय? … कागद आहेत गं, गादीखाली. जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे डोळे काढलेत. एका पानावर तीस-चाळीस असतील. … वाकडे आहेत हे. हेही. इथे तर रेघ पार कपाळावर गेलीये. … मग हळूहळू … थांब, पुढचं बघू दे. … हे बरे आहेत. … नाही. बरे नाही, चांगले आहेत. पूर्वीसारखे आहेत.

… विचारते. … म्हणतात, नुसता धरला की हात हलतो. पण कपाटाचा खण बाहेर ओढून त्यावर कोपर टेकवलं की हलत नाही. महिनाभर असं करून बघितलंय. … तेच विचारतेय मी. बाबा, मंडपात स्टुलावर उभं राहून खण कुठून आणणार?

…

… काही नाही. … काही नाही म्हटलं ना. … अगं, ते म्हणाले, 'तू आहेस ना. तुझा हात हलत नाही.'

… म्हणजे मी खण. चाळीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये घासून घासून शेवटी खण झाले. … रडत नाहीये. तूच रडतेयस.

… मला काय विचारतेस, जाणार का म्हणून? त्यांनी चपला घातल्यासुद्धा. … हो, बेल वाजतेय. भोंगाच असणार. थांब, हे मला नीट बोलू दे.

… ये. … हो, काका येतात. पण माझं ऐकून घे आधी. … ढोल बंद, माइक बंद, जनरेटर बंद. आखणी होईपर्यंत कुणी खोकायचंसुद्धा नाही. … फोन सगळ्यांचे खिशात. एक जरी बाहेर दिसला ना, तर आम्ही आहे तिथून घरी येऊ आणि तू लाव तुझे स्टिकर. … हे तू स्वतः सांगायचंस त्यांना, काका खाली येण्याआधी. … आणि रंगाची वाटी तू धरायची. … दुसरं कुणी नाही, अध्यक्षांनीच. … हात वर धरून, हो. … आणि माझ्या खिडकीवरचा तो बॅनर आज काढायचा. … डोळ्याचं काय? … मला काय माहीत, उंदीर असतील. … जा आता.

… गेला. दोन-दोन पायऱ्या उतरत गेला. … तुझी वाटी दिली त्याला, हो. तू इथे असतीस तर तुला दिली असती.

… बाबा, सावकाश. कठडा धरा. … हो गं, उतरतोय आम्ही, दुसऱ्या मजल्यावर आलो. … नाही, आत्ता हलत नाहीये हात. म्हणजे हलतोय, पण मी धरलाय. … हसला कुणी तर? … हसला तर मी आहे. दात कसे बसवायचे ते मला माहीत आहे, कसे पाडायचे तेही शिकीन.

… आलो खाली. … नाही, लोक बाजूला होतायत. वाट देतायत. भोंगा उभा आहे वाटी घेऊन. घामाघूम झालाय. … ऐक. … काही ऐकू येतंय तुला? … नाही ना? सगळी गल्ली गप्प आहे. … हो, एवढी. माझ्या चपलांचा आवाज येतोय मला.

… बाबा, स्टूल आधी हलवून बघू द्या. … हां, ठीक आहे. चढा.

… काय म्हणालीस? … व्हिडिओ? … नाही गं. … नाही, राग नाही माझा. … अगं, दोन्ही हात लागणार आहेत मला. ठेवते.