चुकांची वही

…नुसतं ‘एक शिक्षिका’ लिहून चालणार नाही, प्राची. तुमच्या प्रबंधात माझं पूर्ण नाव आलं पाहिजे — वैजयंती सोमनाथ डुंबरे, बी.एस्सी., बी.एड., विज्ञान-अध्यापनाची चौतीस वर्षे. लिहिलंत? छान. तर विज्ञानातले सिद्धान्त कसे बदलतात, हे विचारायला तुम्ही पुण्याहून जुन्नरला आलात! बदलतात, ठाऊक आहे मला — पुस्तकातून एखादा परिच्छेद गुपचूप निघून जातो, आणि ज्यांनी तो मुलांकडून घोकून घेतला, त्यांना साधं पोस्टकार्डही येत नाही.

ही ती वही. दर वर्षीची अजब उत्तरं मी उत्तरपत्रिकांतून कापून इथे चिकटवत असे — नावासकट, गुणांसकट, खाली माझी सही — आणि जूनमध्ये नव्या वर्गाला वाचून दाखवत असे. वर्ग हसत असे. हसण्याने चूक लक्षात राहते, ही माझी पद्धत. तालुक्याच्या शिबिरात तिचं कौतुक झालं होतं. ते पान नको, पुढचं — बरं, वाचा. सुंदरा राघू, सातवी, निमगाव साव्याची. वडील मेंढरं राखायचे. प्रश्न काय? कडू चव जिभेच्या कोणत्या भागाला कळते? पुस्तकात आकृतीच होती — शेंड्याला गोड, कडांना आंबट, अगदी मागे कडू. आणि हिने लिहिलं, ‘समद्या जिभेला. मी हिरडा शेंड्यावर ठिवून पायला.’ शून्य! हिरडा मुळात तुरट, चूक तिथूनच सुरू. तर भर वर्गात उठून म्हणते, ‘बाई, तुमी पन ठिवून बघा की.’ मला!

हो, आता ती आकृती पुस्तकात नाही. चव सगळ्या जिभेला कळते म्हणे. पण गुण त्या त्या काळाचे असतात. मला केव्हा कळलं? पुस्तक बदललं तेव्हा — अर्थातच! सुंदरा वर्गात उठून बोलली, त्याच दिवशी सायंकाळी मी परसातला कडुनिंबाचा पाला शेंड्यावर ठेवला होता, ती गोष्ट वेगळी. थुंकावा लागला. पण एका पानाने पुस्तक खोटं ठरतं का? माझीच जीभ सदोष असणार, असा शास्त्रशुद्ध निष्कर्ष मी काढला — आणि वाचन चालू ठेवलं. एकोणीस वर्षं. शेवटच्या वर्षी तिचीच मुलगी, प्रांजल, पहिल्या बाकावर होती. सगळा वर्ग हसला. ती तेवढी नाही. घरी सांगितलंच असणार, कारण त्या दिवाळीपासून सुंदरा माझ्या खोकल्यासाठी मीठ लावलेला हिरडा घेऊन येते, आणि उंबऱ्यातूनच म्हणते, ‘बाई, शेंड्यावर ठिवू नका हां, लई कडू लागंल.’ हसते. मीही हसते. दुसरं काय करणार?

दुरुस्त? इतक्या वर्षांनी उत्तरपत्रिका दुरुस्त करतं का कुणी?

न्या वही, तुमच्या अभ्यासाला उपयोगी पडेल. फक्त तिचं नाव गाळा, उगीच बिचारीची — काय? राहणार? वर्गातलं एकमेव बरोबर उत्तर म्हणून? …बरं. राहू द्या. कळवा तिला, आनंद होईल. आणि ही खाली, शून्याच्या खाली… सहीसुद्धा छापणार? पूर्ण नावासह? मीच सांगितलं म्हणून?

वही इकडे द्या. साडेपाचची एसटी फार वेळ थांबत नाही.