भर दुपारची लाईट

परवा जयसिंगपूरपास्नं कोल्हापूरपर्यंत निम्म्या दुनियेनं मला हात केला, आणि त्याला कारण आमचा बाळू मिस्त्री. माझ्या पिकअपच्या रेडिएटरचा फॅन फिरंना, तर ह्या गड्यानं त्याची वायर हेडलाईटच्या बटनाला जोडली. म्हणाला, "लाईट लाव, फॅन फिरतोय."

मागं मामाच्या पोराच्या लग्नाचं श्रीखंड. भर दुपारी लाईट लावून निघालो, तर समोरनं येणारा प्रत्येकजण बोटांची उघडझाप करून दाखवतोय, लाईट चालू हाय म्हणून. उचगावात तर एका काकांनी मोटरसायकल आडवी घातली.

"पावणं, कवाधरनं हात करतोय, दिसंना व्हय?" म्हणत त्यांनी खिडकीतनं हात घालून लाईटच बंद केली.

"काका, नका, इंजिन तापतंय."

"लाईटनं इंजिन गार व्हतंय व्हय?"

तवर बॉनेटमधनं भस्सकन वाफ आली. काका टुणकन मागं सरले. इंजिन निवल्यावर त्यांनीच बाटलीतलं पाणी ओतलं, लाईट लावली आणि म्हणाले, "आता कुणी हात केला तर बघूच नगंस."

कार्यालयाशी पोचलो, तर वरात दारात. वेळेत आलो म्हणून मी खूश. आणि नवरदेव घोड्यावरनं, मुंडावळ्या बाजूला सारून, मला बोटांची उघडझाप करून दाखवतोय.