रिकाम्या गाडीचं वजन

(दुपार. जनावरांच्या दवाखान्यातली तपासणीची खोली. भिंतीलगत जमिनीवर सपाट वजनकाटा, त्यावर एक पिवळसर, भरलेल्या अंगाची कुत्री. तिचे मालक, सत्तरीला टेकलेले गृहस्थ, पट्टा धरून उभे आहेत.)

डॉक्टर: एकतीस. काका, तुम्ही पट्टा ओढून धरलाय का? जरा सैल सोडा बरं.

काका: ओढून धरला तर कमी भरेल, जास्त नाही.

डॉक्टर: खरंच की. तरीही सोडा. एकतीसच.

काका: मग काटा बिघडलाय तुमचा.

डॉक्टर: सकाळीच मापं ठेवून तपासलाय, काका.

काका: गंमत बघा. चौतीस वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर काढली मी. "काटा बिघडलाय" हे दिवसातून दहा ड्रायव्हर ऐकवायचे. आज मीच म्हणतोय. पण तुम्ही सांगा, रविवारी ही घरी बावीस भरली. आज बुधवार. तीन दिवसांत नऊ किलो कोण वाढतं?

डॉक्टर: कोणी नाही वाढत. हिला खाली घ्या. ये ठमे, ये. उभी राहा. हं, काका, तुमचा हात द्या इकडे. इथे दाबा. फासळी लागते का हाताला?

काका: लागते की. म्हणजे… जरा आत आहे.

डॉक्टर: जरा आत नाही, गादीखाली आहे. आणि वरून बघा, कंबर कुठे आहे हिला? पाटासारखी पाठ झालीय. फोनवर तुम्ही मला म्हणालात, दुसऱ्या मजल्यावर जिन्यात बसून घेते, अशक्त झालीय.

काका: बसते ना.

डॉक्टर: अशक्तपणानं नाही बसत. वजनानं बसत असेल.

काका: अहो, मग माझा तक्ता काय सांगतो? दर दोन महिन्यांनी फोटो पाठवलाय तुम्हाला.

डॉक्टर: तोच समोर ठेवलाय. आठ महिन्यांपूर्वी इथे सव्वीस. मग तुमच्याकडून पंचवीस, साडेचोवीस, साडेतेवीस, बावीस. आणि प्रत्येक वेळी मी आहार वाढवला. आधी दिवसाला साडेसहाशे ग्रॅम, मग साडेसातशे, मग नऊशे. कच्च्या आहारात सगळा हिशेब कुत्र्याच्या वजनावरच असतो. वजन चुकलं की पुढचं सगळं चुकलं. यात माझीही चूक आहे. डोळ्यांनी न बघता वाढवायला नको होतं.

काका: तुम्ही बोलावत होतात. मलाच निघता येत नव्हतं. आणि पुड्यांमध्ये चूक नाही हं. रविवारी सकाळी ओट्यावर चौदा पुड्या मांडतो. मांस वेगळं मोजून, कोंबडीच्या माना वेगळ्या, कलेजी वेगळी. एका पुडीत साडेचारशे म्हणजे साडेचारशे. पाच ग्रॅम इकडेतिकडे झालं तर कातरीनं कापतो. आमची मंडळी हसायची मला, सोनाराच्या घरात पडले म्हणून. बरी होती तेव्हा.

डॉक्टर: पुड्यांवर माझा विश्वास आहे. तुम्ही ठमीचं वजन कसं करता, ते सांगा.

काका: घरी हा असला सपाट काटा कुठला? माणसांचा आहे, न्हाणीघरातला. त्यावर ती एकटी उभी राहत नाही, चार पायही मावत नाहीत. मग तिला उचलून घेतो, उभा राहतो, आकडा बघतो. त्यातून माझं वजन वजा.

डॉक्टर: तुमचं किती धरता?

काका: चौऱ्याहत्तर.

डॉक्टर: हे चौऱ्याहत्तर कधीचं?

काका: माझं चौऱ्याहत्तरच असतं.

डॉक्टर: शेवटचं कधी बघितलंत? ठमीला न घेता, एकट्याचं?

काका: ट्रकच्या दारावर त्याचं रिकामं वजन रंगवलेलं असतं, बघितलंय? भरून आला की काट्यावर घ्यायचा, दारावरचा आकडा वजा करायचा, राहिला तो माल. दरवेळी गाडी रिकामी करून कोण बघतो? रांग लागलेली असते मागे.

डॉक्टर: आणि दारावरचा आकडा जुना असला तर?

काका: तर माल चुकतो.

डॉक्टर: रविवारी दोघांचं मिळून किती भरलं होतं?

काका: शहाण्णव.

डॉक्टर: शहाण्णवातून एकतीस—

काका: कळलं मला.

डॉक्टर: पासष्ट राहतात, काका.

काका: म्हटलं ना, कळलं. वजाबाकीवरच पोट भरलंय जन्मभर. चिठ्ठी लिहून द्या. नऊशेचं किती करायचं?

डॉक्टर: साडेपाचशे. दर पंधरा दिवसांनी इथे आणून वजन करायचं. हाडांचा भाग तसाच, चरबीचे तुकडे बंद.

काका: साडेपाचशे. म्हणजे एका पुडीत पावणेतीनशे. बरं. निघतो मी. माझी मेहुणी बसलीय घरी, तीनपर्यंत म्हणाली होती. ठमे, चल.

डॉक्टर: बसा.

काका: पावणेतीन झालेत.

डॉक्टर: पाच मिनिटं बसा. आठ महिन्यांत नऊ किलो उतरलात तुम्ही. कंबरपट्ट्याला हे नवं भोक कुणी पाडलं?

काका: पट्टा जुना झाला. ताणून सैल पडला.

डॉक्टर: एक पाडलंय की दोन?

काका: तीन.

डॉक्टर: तहान लागते फार?

काका: तुम्ही जनावरांच्या डॉक्टर ना?

डॉक्टर: हो. म्हणूनच विचारतेय. माझे पेशंट सांगत नाहीत, मला विचारूनच काढावं लागतं. तहान लागते?

काका: लागते. रात्री चार-पाचदा उठावंही लागतं. पण मी तसाही उठतोच. बायकोची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. झोप नाही म्हणून घसा कोरडा पडत असेल.

डॉक्टर: ठमीला उचलताना काय वाटायचं?

काका: काय वाटायचं म्हणजे?

डॉक्टर: काट्यावर ती महिन्याला अर्धा किलो हलकी होत होती. हातात हलकी लागत होती का?

काका: नाही. जड लागायची. मला वाटायचं, माझं वय झालं.

डॉक्टर: काका…

काका: आता सगळं निघालंच आहे तर सांगून टाकतो. दुसऱ्या मजल्यावर ठमी बसत नाही. मी बसतो. पायातलं त्राण जातं. ती दोन पायऱ्या वर जाते, मागे वळून बघते, मग खाली येऊन शेजारी बसते. कुणी विचारलं तर म्हणतो, कुत्री दमलीय.

डॉक्टर: बोट द्या तुमचं. साखर बघते. कुत्र्यांसाठी वेगळं यंत्र ठेवलंय, पण माणसांचंही आहे खणात, माझ्या वडलांसाठी आणलं होतं. एक थेंब रक्त लागेल.

काका: नको.

डॉक्टर: एक टोचणी आहे फक्त.

काका: टोचणीला नाही भीत मी. पण एकदा कळलं की काहीतरी करावं लागतं. आज मला माहीत नाही, म्हणून घर चाललंय.

डॉक्टर: समोर रस्त्यापलीकडे माझी मैत्रीण बसते, माणसांची डॉक्टर. आत्ता फोन करते, रांगेत न थांबवता बघेल.

काका: बघेल. आणि म्हणेल, चार दिवस दाखल व्हा. मग घरी काय होईल? सांगा ना. तुम्ही शिकलेल्या आहात. हिचं अर्धं अंग गेलंय, बोलता येत नाही. उजवा हात तेवढा हलतो. त्या मनगटाला मी घंटी बांधलीय. तिचा आवाज ऐकू येईल तेवढंच माझं जग. ठमीला खाली नेतो तर फाटकापर्यंत, वर खिडकी उघडी ठेवून. आज दवाखान्यात आलो तर पहिल्यांदा रस्ता ओलांडला, पाच महिन्यांनी. गाड्यांचा वेग बघून गांगरलो मी. ट्रक मोजणारा माणूस.

डॉक्टर: मुलगा आहे ना तुम्हाला?

काका: दूर आहे. गुणाचा आहे, खोटं कशाला बोलू. दोन्ही खोल्यांत कॅमेरे लावून दिलेत त्यानं. दिवसभर दिसतो मी त्याला. मधूनच आवाज येतो भिंतीतून, "बाबा, आईची चादर सरकलीय." मी सरळ करतो. पण कॅमेऱ्यात माणूस बारीक झालेला दिसत नाही. रोज बघणाऱ्याला तसंही दिसत नाही.

डॉक्टर: त्याला सांगा.

काका: सांगितलं की तो नोकरी सोडून येईल, नाहीतर आईला कुठल्या तरी संस्थेत ठेवू म्हणेल. दोन्ही मला नकोय. आणि हिला घास मीच भरवतो. दुसऱ्याच्या हातून तोंडच उघडत नाही ती. बाई ठेवून बघितली होती, दीड दिवसात गेली. म्हणजे बघा, मी आजारी पडलो असं समजायचीसुद्धा सोय नाही. मी वीट आल्यासारखा बोलतोय, पण मला हिचा वीट नाही आलेला. मला फक्त एक दिवस कुणी हाक मारू नये असं वाटतं. आणि असं वाटलं की स्वतःचीच लाज वाटते.

डॉक्टर: लाज वाटण्यासारखं काही नाही त्यात.

काका: तुम्हाला नाही वाटत.

डॉक्टर: तुम्ही स्वतः काय जेवता?

काका: मिळेल ते. ओट्याशी उभ्यानं. भूक लागायची आधी, आता तीही कंटाळली.

डॉक्टर: आणि ठमीला पुड्यांशिवाय काय मिळतं? पुड्या मोजून नऊशेच्या, तरी पाच किलो वाढलीय. अजून काहीतरी जातंय पोटात.

काका: काही नाही.

डॉक्टर: काका.

काका: थोडं उरलेलं असतं. बायकोच्या वाटीतलं. गेले तीन-चार महिने ही अर्धंच खाते. मध्येच मान फिरवते आणि चांगल्या हातानं वाटी माझ्याकडे ढकलते. नको म्हणून. मी दोनदा-तीनदा विनवतो, मग हात टेकतो. एवढं मऊ शिजवून, गाळून केलेलं टाकवत नाही. ठमी तिथेच बसलेली असते.

डॉक्टर: दोन्ही वेळा?

काका: तिन्ही वेळा. घरी फोन लावतो थांबा, तीन वाजत आले. हा पट्टा धरता का? नाहीतर राहू द्या, आवाज मोठा करून ठेवतो टेबलावर. …हॅलो, मी बोलतोय.

मेहुणी: बोला भाऊजी. झालं का ठमाबाईंचं?

काका: होतंय. घंटी वाजवली का हिनं?

मेहुणी: एकदा. पाणी हवं होतं. तुम्ही उगाच जीव टांगणीला लावून बसता. आणि ऐका, ताईनं सगळी वाटी संपवली आज.

काका: कुणाच्या हातून?

मेहुणी: माझ्याच. आणखी कोण आहे इथे?

काका: सगळी?

मेहुणी: पुसून. आधी जरा नखरे केले. अर्ध्यावर आली, मान फिरवली आणि वाटी लागली ढकलायला, तुमच्या खुर्चीकडे. मी परत पुढे केली की परत खुर्चीकडे. मला कळेचना. शेवटी म्हटलं, अगं ताई, भाऊजी नाहीत घरी, त्यांच्यासाठी कशाला ठेवतेस, ते बाहेर जेवतील की. तेव्हा कुठे तोंड उघडलं बाईसाहेबांनी. …हॅलो? भाऊजी? आवाज जातोय का?

डॉक्टर: जातोय, मावशी. मी डॉक्टर बोलतेय. एक मिनिट थांबा हं, फोन ठेवू नका.

मेहुणी: ठमीला काही झालं का?

डॉक्टर: नाही, ती बरी आहे. काका, पाणी घ्या. सावकाश.

काका: मी ते रोज कुत्रीला घालत होतो. तिच्या डोळ्यांसमोर.

डॉक्टर: तुम्हाला माहीत नव्हतं.

काका: तिला माहीत होतं. बोलता येत नव्हतं तिला, नुसतं बघत होती मला. आणि मी म्हणायचो, अन्नाचा असा माज बरा नव्हे. असं म्हणायचो मी.

मेहुणी: भाऊजी, काय झालंय? मला नीट सांगाल का?

काका: काही नाही. ऐक. आज तुला उशिरापर्यंत थांबता येईल का?

मेहुणी: थांबेन की. मी तर कधीची म्हणतेय, तुम्हीच दारात येऊन उभे राहता मला घालवायला. किती वेळ?

काका: सांगता येत नाही. समोर रस्त्यापलीकडे एका डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. माझ्यासाठी. पाच वाजता हिची कूस बदल. डाव्या खांद्याखाली उशी घाल, हात अडकू देऊ नकोस. जमेल ना?

मेहुणी: न जमायला काय झालं. तुम्ही या निवांत. थांबा हं, ताई काहीतरी विचारतेय. काय गं? तोंडाकडे बोट नेतेय. तुम्ही जेवलात का म्हणून विचारतेय बहुतेक. हो म्हणून सांगू?

काका: नको. नाही जेवलो, म्हणून सांग.